लंकाबाईची जुडी

लंकाबाईनं मला कधीच नावानं हाक मारली नाही. नाशिकच्या द्वारका चौकातल्या माझ्या फोटो स्टुडिओच्या पाटीवर माझं नाव चांगल्या लाल अक्षरांत रंगवलेलं होतं. ती चौथीपर्यंत शिकलेली होती, तेव्हा तिला ते वाचता येत नव्हतं असंही नाही. पण तिच्या लेखी मी 'फोटू' होतो. "ए फोटू, सरक तिकडं, गिऱ्हाईक आडतंय," हे तिचं मला उद्देशून पहिलं वाक्य, आणि पुढचं वर्षभर आमच्यात याहून गोड असं काही बोलणं झालं नाही. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी कुणी मला अदबीनं नावानं हाक मारली की क्षणभर वाटतं, हा दुसऱ्या कुणाला तरी बोलावतोय.

स्टुडिओच्या मागच्या गल्लीत भाजीबाजार भरायचा. लंकाबाई तिथं फक्त पालेभाजी विकायची. मेथी, शेपू, पालक आणि डोंगरभर कोथिंबीर. वांगी-बटाटे विकणाऱ्यांना ती भाजीवाले मानायचीच नाही. तिच्या मते त्यांना काय, तागडीत टाकलं की झालं. खरी कला जुडी बांधण्यात. आणि जुडी बांधावी तर तिनंच. मूठभर मेथी उचलायची, मुळं पाटीवर ठोकून सारखी करायची, देठांना मनगटानं एक हलका पीळ द्यायचा, म्हणजे वरची पानं आपोआप फाकतात, आणि मग केळीच्या सोपटाचा, म्हणजे वाळक्या सालीच्या दोरीचा, एकच वेढा. हे सगळं गिऱ्हाइकाशी भांडता भांडता. हाताकडे तिचं लक्षही नसायचं.

तिच्याकडून नवरीचा पहिला बुके बांधून घेतला तो मीच, आणि त्याला कारण झाली एक गाय.

त्र्याण्णव सालचा उन्हाळा. नाशकात तेव्हा बुकेची साथ आली होती. त्याआधी नवरी रिसेप्शनला हात जोडून किंवा पदराशी चाळा करत उभी राहायची आणि मला काही अडचण नव्हती. मग कुणाच्या तरी मुंबईच्या पाहुण्यांनी टूम काढली, आणि प्रत्येक नवरीच्या हातात जिलेटिन कागदाचं, चमकी मारलेलं, थर्माकोलच्या बुडाचं एक प्रकरण आलं. फ्लॅश पडला की तो कागद असा चमकायचा की फोटोत नवरीच्या पोटातून दिवा लागल्यासारखं दिसायचं. मी वैतागून गेलो होतो.

त्या दिवशी गल्लीसमोरच्या कार्यालयात पल्लवी नावाच्या मुलीचं लग्न होतं. तिच्या भावानं, ललितनं, बुके आणला, लुनाच्या सीटवर ठेवला आणि टाय नीट करायला आरशासमोर गेला. बाजारातल्या गाईनं तेवढ्यात कार्यभाग उरकला. तिनं जिलेटिन तेवढं शिल्लक ठेवलं, यावरून तिची आवड माझ्यापेक्षा वेगळी नव्हती हे मला पटलं. पण पल्लवी रडायला लागली, आणि रडून सुजलेली नवरी फोटोत कशी दिसते ते मला ठाऊक होतं. मी मागच्या गल्लीत पळालो. तिथं फुलवाली रंगूबाई बसायची, पण तिच्याकडे बुके कुठला, हार-गजरे आणि सुटी फुलं तेवढी.

"काय झालं रं, कुनी मारायला लागलं का?" शेजारून लंकाबाईनं विचारलं.

मी झालेला प्रकार सांगितला. ती पोट धरधरून हसली. मग म्हणाली, "हातात धरायलाच पायजेल ना तिला? आन इकडं."

तिनं रंगूबाईच्या टोपलीतले निशिगंधाचे लांब दांडे ओढले. आणि स्वतःच्या मागं टाकून दिलेल्या ढिगातून फुलोऱ्यावर आलेली कोथिंबीर उचलली. कोथिंबीर फुलली की तिला बाजारात कुणी विचारत नाही. पण तिचा फुलोरा पाहावा. बारीक, पांढरा, जाळीदार. बाळाच्या टोपड्याला लेस लावतात तसा. देठांना पीळ, सोपटाचा वेढा, खालून विळ्यानं एक सरळ काप. मी 'कागद?' म्हणेपर्यंत ती जुडी माझ्या हातात कोंबून तिनं मला ढकललंसुद्धा होतं.

रस्ता ओलांडताना मला लाज वाटत होती, मंडईतून निघालेल्या माणसासारखा मी दिसत होतो. पण पल्लवीनं ती जुडी हातात घेतली आणि मी लाज विसरलो. जांभळट शालू, त्यावर ती पांढरी फुलं, खाली हिरवेगार देठ आणि देठांवर तिची मेंदीची बोटं. बस, एवढंच. काही चमकत नव्हतं, त्यामुळे तिचा चेहरा दिसत होता. पुढे अल्बम बघणारा प्रत्येकजण विचारायचा, हा बुके कुठल्या दुकानातला? पल्लवीची एकच तक्रार होती. कोथिंबिरीच्या वासानं नवरदेवाला रिसेप्शनभर भुकेनं काही सुचेना.

त्यानंतर मुली गल्लीत यायला लागल्या. लंकाबाईची पद्धत न्यारी होती. मुलीला पोत्यावर बसवायची, एक मेथीची जुडी तिच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "धर." मुलगी गोंधळून धरायची. कुणी गळा आवळल्यासारखी धरायची, कुणी पूजेच्या ताटासारखी दोन्ही हातांवर. ते बघून ती ठरवायची. मूठ लहान असेल तर देठ थोडे. उंच मुलीला लांब दांड्याची फुलं. ठेंगणीला गोल, आटोपशीर. मग साडीचा रंग विचारायचा. साडी भरजरी असेल तर फुलं एकाच रंगाची, शक्यतो पांढरी, साडी साधी असेल तर एखादा गुलाब चालेल. "एक फूल, एक पाला. तिसरं आलं की बाजार भरला," असं तिचं मत होतं, आणि हे बाजारात बसून सांगताना तिला काही वाटत नसे. सगळी फुलं पूर्ण उमललेलीही तिला चालायची नाहीत. काही उमललेली, काही अर्धी, काही कळ्याच. संध्याकाळ संपेपर्यंत कळीलाही काही काम पाहिजे, म्हणायची. शरणपुरातली एक ख्रिस्ती मुलगी पांढऱ्या झग्याचं कापड घेऊन आली, तर तिला हिनं नुसता पाला आणि हिरव्या कळ्या बांधून दिल्या. चर्चमध्ये तो बुके एवढा देखणा दिसला की मी पदरचा अख्खा रोल त्यावर खर्च केला.

मुलींच्या आयांशी मात्र तिची रोज जुंपायची. आईला मोठा बुके हवा असायचा, वर चमकी हवी असायची. "चमकी मखराला लावा. पोरीच्या हातात कशाला? ती काय गणपती हे?" असं ती तोंडावर म्हणायची. एका बड्या घरची बाई चिडून निघून गेली, तर हिनं तिच्यामागं ओरडून सांगितलं, "मुलीचं तोंड दिसलं पायजेल बाई! आडोसा करायचा तं ताडपत्री घ्या!"

माझ्याशी तिचं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून. ती फुलांची तोंडं नवरीकडे करून बांधायची. मी म्हणायचो, फुलं कॅमेऱ्याकडे हवीत. ती म्हणायची, "ती बिचारी तासंतास हुबी ऱ्हानार. तिनं काय देठं बघायची?" मी म्हणायचो, अल्बम जन्मभर बघतात. ती म्हणायची, "मंग जन्मभर तुजी फुलं बघत बस." यावरून एका लग्नसराईत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी आजही सांगतो, फुलं कॅमेऱ्याकडेच हवीत. पण तिचं तोंड बंद असलं की गल्ली सुनी वाटायची हेही खरं. शेवटी मीच चहा घेऊन गेलो. तिनं तो पिऊन "साखर कमी हे" म्हटलं, आणि आमचं पूर्ववत सुरू झालं.

आता स्नेहलचं सांगतो, कारण लंकाबाई मला खरी कळली ती तिच्या लग्नात.

स्नेहलचा बाप बारकू वणीजवळच्या एका खेड्यातला शेतकरी. त्याची कोथिंबीर टेम्पोनं लंकाबाईकडे यायची. बायको लवकर वारलेली, म्हणून मुलीलाही तो सोबत आणायचा. ती लंकाबाईजवळ बसून जुड्या बांधायची. तिच्या उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच होतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बघतच राहिलो, आणि लंकाबाईनं माझ्या अंगावर शेपूची मुळं फेकली.

नंतर तिनंच सांगितलं. मुलगी सात वर्षांची असताना चारा कापायच्या कुट्टी मशिनीत कडबा सारत होती. चाक बारकू फिरवत होता. "त्या दिसापासनं त्यानं त्या हाताला हात लावला नाय," लंकाबाई म्हणाली. "बाकी पोरीसाठी जीव टाकतो. शाळा केली, डीएड केलं, मास्तरीण केली. पन रस्त्यानं चालला तं बघ, कायम तिच्या डाव्या अंगाला." मी पुढे लक्ष ठेवून पाहिलं. तसंच होतं. पिशवी द्यायची तर तिच्या डाव्या हातात, पैसे द्यायचे तर डाव्या हातात. देवाचा दोरा तिच्या उजव्या मनगटाला बांधायचा तरी ते काम शेजारच्या बाईला सांगायचा.

स्नेहलचं लग्न महेशशी ठरलं. तो इगतपुरीला रेल्वेत होता. बघायला आला तेव्हा तिनं हात लपवला नव्हता, उलट चहाचा कप त्याच हातानं पुढे केला होता, आणि त्याला मुलगी आवडली होती. त्याच्या आईलाही माहीत होतं. पण महेशचा गोतावळा दांडगा. त्या सगळ्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि रिसेप्शनला सगळे स्टेजवर येणार होते. बारकूची झोप उडाली. भर मांडवात कुणी काही बोललं, कुणी नाक मुरडलं, तर पोरीच्या मनाला ते जन्मभर लागून राहील, ही त्याची भीती.

तो आधी माझ्याकडे आला. "भाऊ, फोटोत तो हात यायला नको. एकाही फोटोत." मी शब्द दिला. मग माझ्यासमोरच तो लंकाबाईकडे गेला. "आक्का, हात झाकंल एवढा बुके बांध."

मी खुशीत सरसावून बसलो. आता ताडपत्री निघणार, याची मला खात्री होती. पण लंकाबाई एवढंच म्हणाली, "पोरीला लावून दे माझ्याकडं."

स्नेहल आली, पोत्यावर बसली. लंकाबाईनं तिला मेथी धरायला दिली नाही. "तुला काय पायजेल ते तू सांग," म्हणाली.

स्नेहल थोडा वेळ देठांशी खेळत राहिली. "मावशी, मोठाच बांध," ती म्हणाली. "शाळेत पोरांसमोर मी याच हातानं फळ्यावर लिहिते, मला काही वाटत नाही. पण त्या दिवशी नको. त्या दिवशी लोकांनी मला बघावं. आणि आप्पाला धाकधूक नको."

"बरं," लंकाबाई म्हणाली. बस, बरं.

स्नेहल गेल्यावर मीच उखडलो. मोठ्या घरच्या आयांना वाटेला लावलंस, माझ्याशी फुलांच्या तोंडावरून वर्षानुवर्षं भांडलीस, आणि आता आडोसा बांधणार? तिला दोन शब्द समजावून सांगायचे होतेस!

"फोटू," ती हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "तिनं फुलं मागितली. अक्कल नाय मागितली माझ्याकडं."

लग्न माघातल्या तिथीला, दुपारचं. विधींमध्ये हात शालूच्या पदरात राहिला. बारकू विधुर, म्हणून कन्यादानाला स्नेहलचे काका-काकू बसले, आणि बारकू लांब खांबाला टेकून उभा होता. संध्याकाळी रिसेप्शनच्या आधी लंकाबाई नवरीच्या खोलीत बुके घेऊन आली. नवं लुगडं नेसून आली होती, आणि मला बघताच "हसू नको" म्हणाली.

बुके मात्र बघण्यासारखा होता. पांढऱ्या शेवंतीचा मोठा गोल, आणि त्याच्या कडेनं कोथिंबिरीचा फुलोरा खाली असा सोडलेला की धरणाऱ्याचा हात मनगटापर्यंत त्यात बुडावा. एक फूल, एक पाला, आणि तरीही आडोसा. "चमकी पायजेल का?" तिनं स्नेहलला विचारलं. स्नेहल हसली आणि नको म्हणाली. मग लंकाबाईनं देठांमधून लोंबणारी सोपटाची एक शेपटी दाखवली.

"ही सुरगाठ हे. शेपूट वढलं का सुटली. जड झालं, हात भरून आला, तं वढ. नाय वढलं तरी काय बिघडत नाय."

"आणि सगळी फुलं खाली पडली तर?"

"पडू दे की. फुलंच हेत, उचलू."

रिसेप्शन सुरू झालं. महेश आणि स्नेहल कोचावर, लोक रांगेनं वर येत होते, आहेर देत होते, हसत होते. हात दिसत नव्हता. मी दिलेला शब्द पाळत होतो, छातीच्या वरचेच फोटो काढत होतो. लंकाबाई स्टेजच्या कडेला माझ्या मागं उभी होती. तिला खाली खुर्चीवर बसा म्हणून कार्यालयवाल्यानं सांगून बघितलं, पण त्याचं काही चाललं नाही.

मग महेशची चुलती नवसाबाई नातीला घेऊन वर आली. नात पाच-सहा वर्षांची, आगाऊ. तिनं बुकेवर बोट ठेवलं. "मला एक फूल."

जुडी घट्ट होती, एक फूल ओढून निघेना. महेश ओढायला वाकला. स्नेहल त्याला म्हणाली, "थांबा." ती क्षणभर त्या शेवंतीकडे बघत राहिली. मग तिनं डाव्या हातानं शेपटी धरली आणि ओढली. सगळी फुलं तिच्या मांडीवर पसरली. तिनं त्यातलं एक अंगठ्यात आणि बोटात धरून पोरीपुढे केलं.

पोरीनं फुलाकडे बघितलं, हाताकडे बघितलं. "तुझी बोटं कुठंयत?"

मी पटकन कॅमेरा खाली घेतला.

"कुट्टी मशिनीत गेली," स्नेहल म्हणाली.

"दुखतं का?"

"आता नाही दुखत."

"हं," म्हणून पोरीनं फूल घेतलं आणि पळाली. नवसाबाई तिथंच उभी. तिचं तोंड उघडं होतं, ती काय बोलणार याची मला धास्ती वाटत होती. तिनं स्वतःचा हात पुढे केला. "मला बी दे की मंग एक."

पुढे प्रत्येकालाच फूल मिळायला लागलं. आहेर डाव्या हातात घ्यायचा, उजव्या हातानं फूल द्यायचं. कुजबुज झाली नाही असं मी म्हणणार नाही. झाली. खालच्या खुर्च्यांमध्ये माना वळल्या, एका बाईनं दुसरीला कोपरानं ढोसलेलंही मी पाहिलं, आणि मला तिच्या अंगावर कॅमेरा फेकावासा वाटला. पण वर येऊन फूल घेतल्याशिवाय त्याही खाली गेल्या नाहीत. स्नेहलचे गाल तापले होते, तरी ती थांबली नाही.

बारकू जेवणाच्या बाजूला पाहुण्यांचं बघत होता. त्याला कुणीतरी सांगितलं असणार. तो रांगेतल्या लोकांना बाजूला सारत धावत स्टेजवर आला. "स्नेहल, बुके सुटला का? थांब, मी गोळा करतो, थांब..." असं म्हणत तो फुलं उचलायला वाकला, आणि स्नेहलनं त्याच्यापुढे फूल धरलं. त्या हातानं.

"आप्पा, घ्या."

तो तसाच अर्धा वाकलेला राहिला. मी कॅमेरा खाली घेतला होता, मी शब्द दिला होता. एवढ्यात पाठीत एक जोरदार गुद्दा बसला. "काढ की फोटू! रडतो काय मेल्या?" लंकाबाई मला म्हणत होती, आणि तिचा स्वतःचा आवाज चिरकला होता.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. बारकूनं फूल घेतलं नाही. त्यानं तो हात घेतला. दोन्ही तळव्यांत धरला, उलटा केला, सुलटा केला. सात वर्षांच्या पोरीचा हात त्यानं शेवटचा धरला होता.

"केवढा मोठा झाला गं हात," तो म्हणाला.

रांग खोळंबली होती, कुणी पुढे ढकललं नाही. स्नेहलनं हात तसाच त्याच्या हातात राहू दिला.